चाळीस अंश, दहा दिवस

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. केशोरीच्या आसपास, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या गावांत दुपारी मंडई आणि रात्रभर नाटक. कढईतून निघालेला आलूबोंडा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर येतो, कागदावर तेलाचा डाग पसरतो आणि त्या डागातून पलीकडच्या बाजूची बातमी उलटी दिसू लागते. हे आपण इतक्यांदा पाहिलेले असते की इथे काही घडते आहे, हे ध्यानातही येत नाही.

घडते ते असे. कागद म्हणजे तंतूंचे जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेली हवा. तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना प्रकाश दर वेळी वाकतो, विखुरतो. म्हणून कागद पांढरा दिसतो आणि त्यातून आरपार दिसत नाही. गरम तेल त्या हवेला हुसकावून तिची जागा घेते. तेलाचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, तंतूंचा दीडच्या जवळपास. दोघांत प्रकाशाला फारसा फरक जाणवत नाही आणि तो सरळ पार निघून जातो. म्हणजे कागद जिथे जिथे पारदर्शक झाला, तिथे तिथे तेल पार पोचले. आणि तिथे त्याची गाठ पडते शाईशी.

वर्तमानपत्राची काळी शाई म्हणजे मुख्यतः तेलात घोटलेली काजळी. हे तेल बहुधा खनिज तेल असते. वर्तमानपत्रे सहसा ज्या यंत्रांवर छापतात त्यांत शाई वाळवायला उष्णता वापरतच नाहीत. कागद शाईतले तेल शोषून घेतो, तेवढ्यावर काम भागते. शाई खऱ्या अर्थाने कधी कडक होत नाही. सकाळी पेपर वाचून बोटे काळी होतात ती यामुळेच. आणि खनिज तेल विरघळवायला खाण्याच्या गरम तेलासारखे दुसरे काही नाही. कागद बोंड्यातले तेल पितो तेव्हा बोंडाही कागदाकडून काही घेत असतो. व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो.

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, डिसेंबर २०१६ मध्ये याबद्दल सूचना काढली. मग २०१८ साली वेष्टनांचे स्वतंत्र विनियम आले आणि १ जुलै २०१९ पासून लागू झाले. अन्न ठेवायला किंवा गुंडाळायला वर्तमानपत्र वा तत्सम साहित्य वापरायचे नाही, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. वेष्टनाची छापील बाजू अन्नाला लागता कामा नये, हेही लिहिले आहे. ठेल्यांवर अजून रद्दीच चालते, ही गोष्ट वेगळी. रद्दी स्वस्त असते, हाताशी असते आणि तेल छान टिपते. ठेलेवाल्याला दोष देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही.

रद्दीचा डाग निदान डोळ्यांना दिसतो. उरलेला सगळा व्यवहार न दिसता चालतो, आणि तो प्रत्येक भांड्यात चालतो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे सांगायला घरात कुणाला प्रयोगशाळा लागली नाही. ताकातले लॅक्टिक आम्ल तांबे सोडवून घेते आणि ते जिभेला कळते. त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई: भांडे तापवायचे, नवसागराने पुसून घ्यायचे, २३२ अंशाला वितळणारे कथील आतून फिरवायचे. कल्हईवाल्याचे हे काम एके काळी थेट कायद्यात होते. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी, गंज चढलेली भांडी आणि टवके उडालेली इनॅमलची भांडी अन्नासाठी वापरायला बंदी घातली होती. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजाचेही (पातेल्याचेही) तसेच. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिपातळ थर आपोआप धरतो आणि तोच त्याला वाचवतो. पण अंबाडीची भाजी किंवा चिंचेचे सार त्यात रात्रभर राहिले की आंबटपणा आणि मीठ मिळून तो थर खायला लागतात.

प्लास्टिकची तऱ्हा निराळी. ते विरघळत नाही, झिजतानाही दिसत नाही. पण प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता, आणि त्या साखळ्या स्वस्थ बसत नाहीत; सतत वळवळत असतात. त्यांच्यामध्ये क्षणभर फटी उघडतात आणि मिटतात. प्लास्टिक मऊ राहावे, उन्हात फुटू नये, यंत्रातून नीट निघावे म्हणून घातलेली लहान रसायने या फटींतून एकेक उडी मारत पृष्ठभागाकडे येतात. तापमान वाढले की वळवळ वाढते आणि उड्याही वाढतात. टपरीवरून पन्नीत बांधून आणलेला उकळता चहा हा या दृष्टीने सगळ्यांत वाईट प्रसंग. कागदी कपाने सुटका होत नाही, कारण त्याच्या आत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये असे कप ८५ ते ९० अंशांच्या पाण्याने भरून पंधरा मिनिटे ठेवले, तेव्हा १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण सापडले.

तेव्हा शून्य अशक्य आहे. काच सोडली तर जवळजवळ प्रत्येक भांडे अन्नात थोडे थोडे उतरते. अमेरिकेच्या कायद्याने १९५८ मध्ये हे मान्य केले आणि वेष्टनातून अन्नात येणाऱ्या पदार्थाला अन्नात घातलेल्या पदार्थाच्या रांगेत बसवले. आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात असुरक्षित अन्नाची जी व्याख्या आहे, तिच्या पहिल्याच कलमात अन्नाबरोबर वेष्टनाचे नाव येते. तांदूळ निर्मळ असला आणि त्याचे वेष्टन विषारी असले, तर कायद्याच्या लेखी तो तांदूळच असुरक्षित.

मग किती चालेल? आणि ते मोजायचे कसे? यापुढची गोष्ट मला या विषयातली सगळ्यांत विलक्षण वाटते.

साधा विचार करणारा म्हणेल, त्या डब्यात वरण ठेवा आणि वरण तपासा. पण वरणात डाळ, हळद, हिंग, तेल मिळून हजारो रसायने आधीच असतात. त्यांत डब्याची दोन-चार मिलिग्रॅम कुठून ओळखणार? म्हणून प्रयोगशाळेने अन्नाचे सोंग घेणारे द्रव निवडले आहेत. आपल्याकडे प्लास्टिकसाठी ही पद्धत आयएस ९८४५ या भारतीय मानकात दिली आहे. ऊर्ध्वपातित पाणी पाणीदार, न आंबट पदार्थांचे सोंग घेते. तीन टक्के ॲसेटिक आम्लाचे पाणी म्हणजे कढी, लोणचे, अंबाडी, सार. दहा टक्के अल्कोहोल सौम्य मद्यांसाठी, पन्नास टक्के कडक मद्यांसाठी; मोहाच्या दारूचा हिशेब कुणाला करायचाच असेल तर ती या दुसऱ्या खान्यात बसेल. युरोपात तर हेच पन्नास टक्के अल्कोहोल दुधाच्या जागी उभे राहते, कारण दुधातली चरबी जेवढे ओढून घेते साधारण तेवढेच तेही घेते. जगातली सगळी स्वयंपाकघरे अशी चार-पाच बाटल्यांत बसवली आहेत.

प्लास्टिकचा मोजून कापलेला तुकडा या द्रवात बुडवतात, ठरल्या वेळेपर्यंत ठरल्या तापमानाला ठेवतात, मग तुकडा बाहेर काढून द्रव आटवतात. द्रव उडून जातो आणि भांड्याच्या तळाशी जे उरते ते मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. तळाचा तो पुसटसा थर म्हणजे प्लास्टिकने दिलेला ऐवज.

इथे एक गमतीदार अडचण येते. तेल आटत नाही. तेलकट अन्नाचे सोंग तेलानेच घेतले तर आटवून तोलायचे काय? युरोपने यावर कष्टाचा मार्ग काढला: ऑलिव्ह तेल वापरायचे, तुकडा आधी आणि नंतर तोलायचा, त्याने प्यालेले तेल पुन्हा काढून मोजायचे आणि सगळी वजाबाकी करायची. अमेरिकेने पळवाट शोधली. पेट्रोलमध्ये असणारे हेप्टेन तेलासारखेच वागते आणि चटकन उडून जाते. मात्र ते तेलापेक्षा फार आक्रमक, म्हणून तिथल्या नियमाने येणारे उत्तर पाचाने भागायला सांगितले. आपल्या मानकातही हेप्टेन आहे, ३८ अंशांना अर्धा तास. ३८ च का? ते मूळचे शंभर अंश फॅरनहाइट. अमेरिकी नियमातला गोल आकडा सेल्सिअसचे कपडे घालून आपल्या मानकात राहायला आला आहे.

आणि मर्यादा? अन्नाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम, किंवा पृष्ठभागाच्या दर चौरस डेसिमीटरला, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्याला, १० मिलिग्रॅम. हे दोन आकडे एकमेकांशी कसे जुळतात ते पाहा. दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्यात एक लिटर पाणी मावते, म्हणजे एक किलो. त्याच्या सहा बाजू, प्रत्येकी एक चौरस डेसिमीटर. सहा गुणिले दहा, साठ. अनेक देशांच्या वेष्टनांच्या कायद्यांच्या पोटात हा कल्पनेतला डबा बसला आहे. साठ मिलिग्रॅम किती, हे गोंदियाच्या माणसाला सांगायचे तर तांदळाचे तीन दाणे. एक किलो जेवणात तीन दाण्यांच्या वजनाइतके वेष्टन तुमच्या पोटात गेले तर कायदा हरकत घेत नाही. अर्थात ही झाली एकूण रक्कम. ज्यांची भीती जास्त त्यांना वेगळी कुंपणे आहेत: बेरियम किलोमागे १ मिलिग्रॅम, जस्त २५, कोबाल्ट फक्त ०.०५.

पण केशोरीच्या किराणा दुकानात तो एक किलोचा घन सहसा विकला जात नाही. विकली जातात दोरीला माळ करून टांगलेली चिप्सची छोटी पाकिटे. बारा बाय दहा सेंटिमीटरचे, वीस ग्रॅमचे पाकीट धरा. दोन्ही बाजू मिळून २.४ चौरस डेसिमीटर. एक किलो माल अशा पन्नास पाकिटांत बसतो आणि त्यांचा पृष्ठभाग भरतो १२०. कल्पनेतल्या घनाच्या वीसपट! कोरडे चिप्स द्रवाइतके ओढून घेत नाहीत, हे खरे. तरी गरिबाच्या पाच रुपयांच्या पाकिटात अन्नाच्या मानाने प्लास्टिक किती पट असते, हे गणित चौथीतल्या पोरालाही करता येईल.

आता तापमान. दीर्घकाळ साठवायच्या मालासाठी चाचणी ठरली आहे ४० अंश, दहा दिवस. महिनोन्‌महिने कपाटात राहणाऱ्या डब्याची चाचणी महिनोन्‌महिने करत बसता येत नाही, म्हणून काळ आखडायचा आणि उष्णता वाढवायची. स्वान्ते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचे नाते मांडले. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट, हा त्याचा ढोबळ वापर. ज्या देशात खोलीचे तापमान वीस-पंचवीस अंश असते, तिथे चाळीस अंश म्हणजे खरोखरच पुढे पळवलेला काळ. पूर्व विदर्भात मे महिन्यात ४५ अंश ही नवलाची बातमी नसते. पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात किंवा रस्त्याकडेला उभ्या टेम्पोत त्याहून जास्त. प्रयोगशाळेने जी परीक्षा म्हणून योजली, ती इथे रोजची दुपार आहे आणि ती दहा दिवसांत संपत नाही. काळाला पुढे पळवण्यासाठी घेतलेली उष्णताच जर घरची असेल, तर पळवले काय?

युरोपनेही हे वेगळ्या कारणाने ओळखले. एकूण झिरपेसाठी तिथे अजून ४० अंशच आहेत. पण एकेका रसायनाची झिरप मोजताना, सहा महिन्यांहून अधिक काळ साध्या खोलीत राहणाऱ्या मालासाठी त्यांच्या २०११ च्या विनियमात ६० अंश, दहा दिवस अशी अट आहे. थंड देशाने आपल्या थंड खोलीसाठी साठ धरले. मला वाटते, आपल्या मानकात उन्हाळ्याचा वेगळा रकाना हवा, आणि तो भरायला विदर्भाहून योग्य जागा नाही.

गोंदिया हा धानाचा जिल्हा, तेव्हा बारदान्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. धानखरेदी सुरू झाली की बारदाना आला का, पुरेसा आहे का, याची चर्चा सुरू होते. १९८७ च्या कायद्याने अन्नधान्यासाठी तागाचे पोते सक्तीचे केले. ताग म्हणजे निसर्ग, त्यात कसली रसायने, असे कुणालाही वाटेल. पण तागाचा धागा मुळात राठ, चरचरीत. तो कातता यावा म्हणून गिरणीत त्यावर तेल आणि पाण्याचे मिश्रण मारतात, आणि हे तेल वर्षानुवर्षे खनिज तेल होते. नव्या पोत्याला येणारा तो ओळखीचा घासलेटी वास तिथला.

झ्युरिक कॅन्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत कोनी ग्रोब नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. १९९१ च्या सुमारास त्याने तागाच्या पोत्यातून आलेले अन्नपदार्थ तपासले आणि त्यांत हे खनिज तेल दाखवून दिले. अशा तेलाचा आलेख पाहण्यासारखा असतो. इतर रसायनांचे आलेखात एकेक टोकदार सुळके येतात. खनिज तेलात हजारो जवळजवळ सारखे रेणू असल्याने सुळके एकमेकांत मिसळून एक भलामोठा उंचवटा तयार होतो. त्यातला एकही रेणू सुटा ओळखता येत नाही, पण उंचवटा लपत नाही. १९९८ मध्ये इंटरनॅशनल ज्यूट ऑर्गनायझेशनने कोको, कॉफी आणि सोललेल्या दाण्यांच्या पोत्यांसाठी मानक केले. धाग्याच्या किलोमागे, खनिज तेलासारखी ज्यांचा साबण होत नाही अशी द्रव्ये १२५० मिलिग्रॅमच्या आत हवीत. गिरण्यांना वनस्पती तेलाकडे वळावे लागले, आणि त्यांच्या पसंतीला उतरले भाताच्या कोंड्याचे तेल. भातगिरणीत तांदूळ पांढरा करताना जो कोंडा निघतो, त्याचे तेल तागाचा धागा मऊ करते आणि त्या धाग्याच्या पोत्यात पुन्हा तांदूळ भरता येतो. मानक झाले ते मात्र युरोपात जाणाऱ्या कोको-कॉफीसाठी. आपल्या धानावर तुसाचे कवच असते, म्हणून धान बचावते. कांडलेल्या तांदळाला ते कवच नसते.

याच ग्रोबने २०१० च्या आसपास दुसरीकडे बोट ठेवले. पुनर्वापराच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या तांदळात आणि शेवयांत त्याला तोच उंचवटा दिसला. पुठ्ठा बनला होता रद्दीपासून, आणि रद्दीत वर्तमानपत्राची ती न वाळणारी शाई. खनिज तेलाचा हलका अंश खोक्यातल्या हवेत वाफ होऊन मिसळतो, आतली कागदी किंवा पातळ प्लास्टिकची पिशवी ओलांडतो आणि कोरड्या तांदळावर जाऊन बसतो. दोघांनी एकमेकांना शिवायचीही गरज नाही.

न शिवता होणाऱ्या या देवघेवीची आणखी एक तऱ्हा २००५ मध्ये इटलीत उघडकीस आली. बाळांच्या दुधात छपाईच्या शाईतले आयटीएक्स हे रसायन सापडले, आणि सुमारे तीन कोटी लिटर दूध जप्त झाले. जप्ती करणारे होते इटलीचे वनरक्षक दल. जंगलखात्याच्या सावलीत जगणाऱ्या केशोरीकरांना हे वाचून मौज वाटेल. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूला होती, आत तर नव्हतीच. मग दुधात पोचली कशी? छापलेला पुठ्ठा कारखान्यात गुंडाळून ठेवतात, तेव्हा एका वेढ्याची बाहेरची बाजू पुढच्या वेढ्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहते. तिथेच ती उतरली.

एवढे वाचून कुणी म्हणेल, आपली पळसाची पत्रावळच बरी. पळसाला पाने तीनच, पण त्या पानांवर काड्या टोचून या भागात पिढ्यान्‌पिढ्या पंगती उठल्या. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने एकदा वापरायच्या प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर बंदी आणली, तेव्हा पानांची आठवण शहरांनाही झाली. पान हे वेष्टन म्हणून पाहिले तर थक्क करणारे आहे. त्याच्या पृष्ठभागावर क्युटिनचा पापुद्रा आणि त्यावर मेण असते. झाडाने आपले पाणी राखण्यासाठी केलेली ही सोय आपले वरण राखते. कागदाला तेल-पाणी झेपावे म्हणून कारखान्यांना फ्लोरिनची चिवट रसायने लावावी लागली, आणि ती निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून डेन्मार्कला २०२० मध्ये अन्नाच्या कागदी वेष्टनांत त्यांच्यावर बंदी घालावी लागली.

२०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने पत्रावळीलाही मानक दिले, आयएस १८२६७. पाने आणि शेतीतल्या इतर उरल्यासुरल्या वस्तूंपासून केलेल्या ताटवाट्यांसाठी ते आहे. कच्चा माल कोणता, गरम दाबाने करायचे की थंड, शिवायचे कसे, हे त्यात आहे. आणि रसायने, रेझिन, चिकटवणारे पदार्थ वापरायचे नाहीत अशी अट आहे. बाजारातल्या बऱ्याच ‘पानांच्या’ द्रोणांना आतून चकचकीत प्लास्टिक चिकटवलेले असते, हे पाहिले की अटीचे मोल कळते. बांबूच्या नावानेही असाच खेळ झाला. बांबूचा भुसा मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनमध्ये घट्ट करून ‘नैसर्गिक’ कप म्हणून विकले गेले. गरम चहा पडला की ते फॉर्मल्डिहाइड सोडतात, आणि २०२१ मध्ये युरोपीय आयोगाला त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. गडचिरोली-गोंदियाच्या बांबूचा यात काही दोष नाही. दोष त्याला चिकटवणाऱ्याचा.

पण पान निव्वळ पान असले तरी ते निर्दोष असेलच असे नाही. सुपारीच्या झाडाच्या पोवलीपासून, म्हणजे पानाच्या बुडाशी असणाऱ्या आवरणापासून, केलेल्या सुबक ताटल्या भारतातून जगभर जात होत्या. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने त्या अन्नासाठी वापरू नयेत असे जाहीर केले, कारण सुपारीतली अल्कलॉइडे त्या पोवलीतून अन्नात उतरू शकतात. झाडानेच घातलेले रसायन! झाडाने घातले की कारखान्याने, हे तराजूला कळत नाही.

धातूच्या भांड्यांचीही तीच गत. परदेशी जाणाऱ्या मराठी घरांच्या सामानात एक प्रेशर कुकर आणि दोन-तीन हिंडालियमच्या कढया हमखास असत. अमेरिकेत सिॲटलजवळच्या किंग काउंटीत अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसे जास्त का, याचा शोध घेताना आरोग्य खात्याची नजर अशा भांड्यांकडे वळली. पाण्याचे नळ आणि भिंतींचा रंग हे नेहमीचे संशयित बाजूला राहिले. ॲसेटिक आम्लाची तीच युक्ती वापरून भांडी तपासली, तेव्हा ॲल्युमिनियम आणि पितळेच्या अनेक भांड्यांतून शिसे उतरत होते, हिंडालियमचीही त्यांत होती. २०२२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने हिंडालियम नावाने विकल्या जाणाऱ्या काही आयात भांड्यांबद्दल इशारा दिला. भंगार वितळवून केलेल्या धातूत जुन्या यंत्रांचे, बॅटऱ्यांचे, जोडकामाचे काय काय येत असेल, ते डोळ्यांना दिसत नाही; भांडे तर लखलखते. आपल्याकडे मार्च २०२४ च्या आदेशाने स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले: स्टीलला आयएस १४७५६, ॲल्युमिनियमला आयएस १६६०. आठवडी बाजारात किलोवर तोलून घेतलेल्या गंजाच्या बुडाशी हे चिन्ह आहे का, हे उलटे करून पाहायला वेळ लागत नाही.

आणि कागदावरच्या या सगळ्या व्यवस्थेचे शेवटचे टोक म्हणजे एक अन्नसुरक्षा अधिकारी, एक नमुना आणि एक मुदत. कायद्यानुसार नमुन्याचे चार भाग करायचे. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि दुकानदाराने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात, म्हणजे त्याच्यावर अन्याय व्हायला नको. विश्लेषकाला अहवाल द्यायला चौदा दिवस मिळतात. नमुन्याबरोबर त्याची पिशवीही दीर्घ साठवणुकीच्या कसोटीला लावायची ठरली, तर तुकडा द्रवात सोडून तापमान राखणाऱ्या पेटीचे दार लावायचे, काटा ४० वर आणायचा आणि थांबायचे. चौदातले दहा दिवस पेटीतच जातात. द्रव आटवणे, थर तोलणे, हिशेब, सही आणि रवानगी या साऱ्यासाठी उरतात चार, आणि त्यांत एखादा रविवारही येतो.